आयरिश व्हॉलंटिअर अधिकाऱ्याचा गणवेश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिनला येणारे मराठी पाहुणे कॉलिन्स बराक्समधलं, म्हणजे जुन्या लष्करी छावणीतलं, संग्रहालय बघून आले की रात्री जेवताना प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. काही जण घरी परतल्यावर फोटो पाठवून विचारतात, "हा कुठला गणवेश?" तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदाची एका जागी लिहून ठेवली. ज्या गणवेशाबद्दल सगळे विचारतात तो १९१३ ते १९२२ या काळातला. त्यामुळे वेगळं काही सांगितलं नसेल तर बोलणं त्याच काळाचं आहे असं समजा.

१. आयरिश व्हॉलंटिअर म्हणजे नेमके कोण? आपल्याकडच्या स्वयंसेवकांसारखे का?

नावावरून तसं वाटतं, पण ही सशस्त्र संघटना होती. २५ नोव्हेंबर १९१३ रोजी डब्लिनच्या रोटुंडा सभागृहात तिची स्थापना झाली. आयर्लंडला मर्यादित स्वराज्य म्हणजे होमरूल मिळू नये म्हणून उत्तरेकडच्या युनियनवाद्यांनी (ब्रिटनशी जोडलेलंच राहू पाहणाऱ्यांनी) त्याच वर्षी जानेवारीत अल्स्टर व्हॉलंटिअर फोर्स उभी केली होती. "उत्तरेने सुरुवात केली, आता आपणही करावी," असा सूर इतिहासाचे प्राध्यापक ओअन मॅकनील यांनी एका लेखात लावला आणि त्यातून हे दल जन्मलं.

वर्षभरात संख्या सुमारे १,८०,००० वर गेली. मग पहिलं महायुद्ध सुरू झालं. संसदेतले आयरिश नेते जॉन रेडमंड यांनी सप्टेंबर १९१४ मध्ये या माणसांनी ब्रिटिश सैन्यात जाऊन लढावं असं आवाहन केलं आणि दल फुटलं. बहुतेक जण रेडमंडबरोबर गेले. मॅकनील यांच्याबरोबर ११-१२ हजार उरले आणि 'आयरिश व्हॉलंटिअर' हे नाव त्यांच्याकडे राहिलं. आपल्याला ज्या गणवेशात रस आहे तो या उरलेल्यांचा.

२. मी वाचलं की व्हॉलंटिअर्सचा गणवेश लाल होता. मग हिरवा कुठून आला?

ते व्हॉलंटिअर्स सव्वाशे वर्षं आधीचे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात आयर्लंडमधलं सैन्य बाहेर गेलं आणि फ्रान्स हल्ला करील अशी भीती पसरली, तेव्हा १७७८ पासून गावोगावी दलं उभी राहिली. जमीनदार, व्यापारी, वकील अशी ती मंडळी. बऱ्याच तुकड्यांचे कोट लाल होते, काहींचे निळे, काहींचे हिरवे. डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात फ्रान्सिस व्हीटली या चित्रकाराचं ४ नोव्हेंबर १७७९ च्या संचलनाचं मोठं चित्र आहे. लोक ते बघून येतात आणि गोंधळतात.

दोन्हींत एक धागा मात्र आहे. १७७९ च्या त्या मंडळींनीही गणवेश आयरिश कापडाचाच हवा असा आग्रह धरला होता, कारण इंग्लंडने आयरिश व्यापारावर घातलेले निर्बंध त्यांना उठवायचे होते. स्वदेशीचा हा डाव आपल्या १९०५ च्या बराच आधीचा.

३. रंग नेमका कोणता? कुणी हिरवा म्हणतं, कुणी करडा.

दोघंही बरोबर. करडा-हिरवा. पावसाळा सरता सरता शेवाळ वाळू लागलेला सह्याद्रीचा कातळ आठवा, साधारण तसा. चित्रांत आणि दुकानातल्या स्मृतिचिन्हांवर जो पोपटी किंवा गडद हिरवा दिसतो, तो नंतरच्या लोकांच्या मनातला आयर्लंड आहे.

त्यात पुन्हा प्रत्येक कोट वेगळा. मध्यवर्ती समितीने एक कापड ठरवलं असलं तरी युद्धामुळे लोकर दुर्मिळ झाली, ठिकठिकाणच्या शिंप्यांनी मिळेल ते कापड वापरलं आणि वर शंभर वर्षांच्या उजेडाने रंग उतरला. कोटाच्या खिशाच्या झडपेखाली किंवा कॉलरच्या आत जो रंग राहिला असेल तो खरा. जुने फोटो तर कृष्णधवलच. हल्ली संगणकाने रंगवलेले फोटो फिरतात, त्यांच्यावर काडीचा विश्वास ठेवू नका.

४. कापड कुणी विणलं, शिवलं कुणी, पैसे कुणी दिले?

१९१४ मध्ये गणवेशासाठी एक उपसमिती नेमली गेली. कापड कॉर्कजवळच्या डग्लस गावातल्या मॉरो ब्रदर्सच्या लोकरीच्या गिरणीतून आलं. पट्टे, झोळ्या असं साहित्य डब्लिनच्या मेरी स्ट्रीटवरच्या फॅलन यांच्या दुकानातून मिळे. इंग्लंडहून माल आणायचा नाही हा हट्ट होता आणि तो बऱ्यापैकी पाळला गेला.

पैसे ज्याचे त्याने. इथे सरकारी कोठार नव्हतं. कारकून, शाळामास्तर, दुकानातले नोकर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरत आणि गणवेश हप्त्याने सोडवून घेत. अधिकाऱ्यांची निवड तुकडीतली माणसंच मतदानाने करत, आणि निवडून आलेल्याकडून पूर्ण गणवेशाची अपेक्षा असे. म्हणून आज संग्रहालयांत दिसणारे कोट बहुतांशी अधिकाऱ्यांचे. साध्या शिपायाकडे मुळात तो असेलच असं नाही (प्रश्न ८ पाहा).

५. अधिकाऱ्याच्या अंगावर काय काय असे?

वरून खाली जाऊ. डोक्यावर पुढे छज्जा असलेली टोपी, किंवा एका बाजूची कड वर मुडपून बिल्ल्याने टाचलेली रुंद फेल्ट हॅट. ही हॅट दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर शेतकऱ्यांकडून आली. बोअर युद्धात त्यांनी इंग्रजांना जेरीस आणलं होतं, म्हणून आयरिश तरुणांना ती प्यारी. डब्लिनमध्ये तिला बोअर सेनापतीच्या नावावरून 'क्रोन्ये हॅट' असंही म्हणत.

अंगात चार खिशांचा, पितळी बटणांचा लोकरी कोट. कमरेला चामडी पट्टा आणि खांद्यावरून तिरका उतरणारा दुसरा पट्टा. खाली मांड्यांशी सैल आणि गुडघ्याखाली घट्ट अशी ब्रीचेस, पोटऱ्यांना चामडी गेटर किंवा उंच बूट. थंडीत वर जाड ग्रेटकोट. शस्त्र म्हणून पिस्तूल, आणि काहींकडे चक्क तलवार. १९१६ साली मशीनगनसमोर तलवार! पुढाऱ्यांपैकी जोसेफ प्लंकेट तर गळ्याच्या ग्रंथींवर नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असताना, मानेला पट्ट्या बांधून, बुटांना घोडेस्वाराचे काटे (स्पर) लावून आणि कमरेला तलवार लटकावून १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावात (प्रश्न ८) उतरला.

तो तिरका पट्टा म्हणजे 'सॅम ब्राउन'. त्याची गंमत प्रश्न १५ मध्ये.

६. टोपीच्या बिल्ल्यावर 'एफएफ' अशी अक्षरं आहेत. हा फीअना फॉल पक्षाचा बिल्ला ना?

नाही. हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. तो पक्ष १९२६ चा, बिल्ला त्याच्या आधीचा. फीअना म्हणजे आयरिश पुराणकथांतल्या वीरांची टोळी आणि फॉल हे आयर्लंडचं एक प्राचीन नाव. पक्षाने ते नंतर उचललं.

बिल्ला आठ टोकांच्या ताऱ्यासारखा. मध्ये ही दोन अक्षरं आणि भोवती 'ओग्ली ना हेरन' म्हणजे आयरिश व्हॉलंटिअर्स. त्याची रचना मॅकनील यांची. डब्लिन ब्रिगेडच्या बिल्ल्यावर मात्र 'ड्राँग आहा क्लिआ', म्हणजे डब्लिन तुकडी, असं लिहिलेलं असे. आजच्या आयरिश सैन्याच्या टोपीवरही तोच मॅकनील यांचा तारा आहे. सैन्याच्या पितळी बटणांवरची वीणा आणि 'आयव्ही' ही अक्षरंही त्याच व्हॉलंटिअर्सची.

७. त्याच काळातल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या किंवा पोलिसाच्या गणवेशापासून हा वेगळा कसा ओळखायचा?

वीणेच्या डोक्यावर मुकुट आहे का ते बघा. ब्रिटिश सैन्यातल्या बऱ्याच आयरिश पलटणींच्या बिल्ल्यांवर वीणा होती, रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरी या पोलीस दलाच्या बिल्ल्यावरही होती. पण तिथे वर मुकुट. व्हॉलंटिअरच्या बटणावरची वीणा बोडकी. बाकी काटछाट बरीच सारखी होती आणि ते साहजिकच आहे. कवायत शिकवणारे बरेचसे ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेले आयरिश शिपाई होते आणि शिंप्यांपुढचा नमुनाही तोच.

रंगाने ओळखायचं तर ब्रिटिश सैनिक खाकी, आणि हे पोलीस इतक्या गडद हिरव्यात की लांबून काळेच दिसत.

८. १९१६ च्या ईस्टर उठावात सगळ्यांनी गणवेश घातला होता का?

नाही. सोमवार, २४ एप्रिल १९१६ ला सकाळी डब्लिनमध्ये जे जमले त्यांत पूर्ण गणवेशातले, अर्ध्या गणवेशातले आणि चर्चला जायच्या कोटावर नुसता काडतुसांचा पट्टा चढवलेले असे तिन्ही प्रकार होते. आदल्या दिवशी मॅकनील यांनी वर्तमानपत्रात सूचना देऊन सगळ्या हालचाली रद्द केल्या होत्या. त्यामुळे बरेच जण आलेच नाहीत आणि आलेले कसेबसे घाईत आले.

पुढाऱ्यांतही एकवाक्यता नव्हती. पॅट्रिक पिअर्स, थॉमस मॅकडोना, प्लंकेट, एमन डी व्हॅलेरा गणवेशात. प्रजासत्ताकाच्या जाहीरनाम्यावर पहिली सही करणारा म्हातारा टॉम क्लार्क साध्या कपड्यांत. पंचविशीतला मायकल कॉलिन्स प्लंकेटचा सहायक म्हणून इतक्या कडक इस्त्रीत आला की मित्रांनी त्याची टर उडवली.

सगळ्यात विलक्षण माणूस मेजर जॉन मॅकब्राइड. तो बोअर युद्धात इंग्रजांविरुद्ध लढला होता, पण या उठावाची त्याला कल्पनाच नव्हती. भावाच्या लग्नासाठी निळा सूट घालून, हातात छडी घेऊन तो शहरात आला होता. रस्त्यात मॅकडोनाची तुकडी दिसली आणि हा तसाच तिच्यात सामील झाला, जेकब्ज बिस्किट कारखान्यात आठवडाभर लढला. ५ मे रोजी त्याला गोळ्या घातल्या. अंगावर गणवेश नव्हता म्हणून कुणी त्याला कमी अधिकारी मानलं नाही, ना त्याच्या माणसांनी, ना लष्करी कोर्टाने.

९. गनिमी काव्याने लढायचं सोडून गणवेश घालून शहराच्या मधोमध इमारती धरून बसायचं, हा वेडेपणा नव्हता का?

मराठी माणसाकडून हा प्रश्न येणारच. आणि व्हॉलंटिअर्समध्येही हा वाद होता. बल्मर हॉब्सन आणि त्याच्यासारखे काही जण छोट्या टोळ्यांनी, कुंपणांच्या आडून लढायच्या बाजूचे होते. पिअर्स-प्लंकेट गटाने तो मार्ग नाकारला.

माझ्या मते उत्तर गणवेशातच आहे. त्यांना दंगल करायची नव्हती, राज्य घोषित करायचं होतं. राज्याला सैन्य लागतं आणि सैन्याला गणवेश. शिवाय १८९९ आणि १९०७ च्या हेग करारांनुसार अनियमित दलालाही युद्धकैद्याचे हक्क मिळू शकत. त्यासाठी अटी चार: जबाबदार सेनापती हवा, लांबून ओळखू येणारी ठरावीक खूण हवी, शस्त्रं उघड बाळगलेली हवीत आणि युद्धाचे नियम पाळायला हवेत. उठावाचं मुख्य ठाणं असलेल्या जनरल पोस्ट ऑफिसच्या दारात उभा असलेला, हॅटवर बिल्ला आणि कमरेला तलवार लावलेला अधिकारी म्हणजे या अटींचं चालतं-बोलतं उत्तर. अडचण एवढीच की ते करार राज्याराज्यांतल्या युद्धांसाठी होते आणि लंडनच्या लेखी ही घरची बंडाळी होती.

हा दावा आयर्लंडमध्ये आधीही एकदा गणवेशाने केला गेला होता. १७९८ च्या बंडातला वुल्फ टोन फ्रेंच सैन्याच्या अधिकाऱ्याच्या पूर्ण पोशाखात, सोनेरी झालरीच्या खांदेपट्ट्यांसकट, लष्करी कोर्टापुढे उभा राहिला. मला फाशी नको, सैनिकासारखी गोळी द्या, एवढीच त्याची मागणी होती. ती नाकारली गेली. त्याने कोठडीत स्वतःचा गळा कापला आणि काही दिवसांनी तो तिथेच गेला. ती कोठडी रॉयल बराक्समध्ये होती. त्याच बराक्सचं आजचं नाव कॉलिन्स बराक्स. म्हणजे तुम्ही ज्या संग्रहालयात गणवेश बघायला जाता, तीच जागा.

१०. मग त्या गणवेशामुळे १९१६ च्या पुढाऱ्यांना काही सवलत मिळाली का?

उलट झालं. गणवेश पुरावा ठरला. पिअर्सवरच्या खटल्यात ब्रिटिश अधिकाऱ्याची साक्ष झाली. आरोपी पोस्ट ऑफिसात होता, आज अंगावर आहे त्याच गणवेशात होता, पट्टा, तलवार, पिस्तूल यांसकट, असं त्याने सांगितलं. मुख्य आरोप शत्रूला मदत करण्याच्या हेतूने राजाविरुद्ध सशस्त्र बंड केल्याचा. मग गणवेशाहून चांगला साक्षीदार कुठला? खटले बंद दाराआड झाले आणि ३ ते १२ मे या काळात किल्मेनहॅम तुरुंगात १४ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. कॉर्कमध्ये थॉमस केंट आणि लंडनमध्ये फासावर चढवलेला रॉजर केसमेंट मिळून १६.

गोळी मिळाली, फास नाही, एवढं टोनपेक्षा वेगळं झालं. पण त्यामागे गणवेशाचा मान नव्हता, लष्करी कायद्याची घाई होती.

११. पिअर्स शरण येतानाच्या फोटोत त्याच्या ग्रेटकोटामागे जादा पाय दिसतात. फोटो खोटा आहे का?

खोटा नाही. २९ एप्रिलच्या दुपारी पिअर्स ब्रिगेडिअर जनरल लो यांच्यासमोर उभा आहे, अंगात ग्रेटकोट, डोक्यावर फेल्ट हॅट. बोलणी करायला पांढरं निशाण घेऊन परिचारिका एलिझाबेथ ओफॅरल गेली होती आणि शरणागतीच्या वेळीही ती पिअर्सच्या शेजारी होती. फोटो काढताना ती मागे सरकली. म्हणून तिचे पाय आणि झग्याची कड पिअर्सच्या कोटाखाली दिसते. काही छापील प्रतींत ते पायही पुसून टाकले गेले.

गणवेशाच्या दृष्टीने फोटो फारसा उपयोगाचा नाही, ग्रेटकोटाने सगळं झाकलंय.

१२. जेम्स कॉनोली आणि काउंटेस मार्किएविच यांचा गणवेश हाच का?

नाही. ती दोघं आयरिश सिटिझन आर्मीची, म्हणजे कामगार संघटनेच्या दलाची. त्यांचा गणवेश गडद हिरवा, आणि क्रोन्ये हॅटवर कामगार संघटनेचा लाल पंजा. उठावात दोन्ही दलं एकत्र लढली म्हणून फोटोंत मिसळून दिसतात. काउंटेसबाईंनी तर ब्रीचेस घालून, हॅटला पिसं लावून आणि हातात पिस्तूल घेऊन फोटो काढवून घेतला होता. १९१५ च्या सुमाराला बाईने असा फोटो काढणं हेच अर्धं बंड. बायकांच्या 'कुमन ना मान' संघटनेचा गणवेश आणखी निराळा, आणि मुलांच्या 'फीअना एरन' या दलाचाही.

१३. १९१६ नंतर गणवेशाचं काय झालं? १९२०-२१ च्या फोटोंत तर सगळे रेनकोट आणि कॅपमध्ये दिसतात.

सरकारने लष्करी धर्तीचा गणवेश सार्वजनिक ठिकाणी घालायला बंदी केली, आणि बंदी आल्यावर तो घालण्याला वेगळीच धार आली. १९१७ च्या पूर्व क्लेअरच्या पोटनिवडणुकीत तुरुंगातून नुकताच सुटलेला डी व्हॅलेरा व्हॉलंटिअरच्या गणवेशात प्रचार करत फिरला आणि जिंकला. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हॉलंटिअर पुढारी थॉमस अ‍ॅश तुरुंगात बळजबरीच्या अन्नभरणीमुळे मेला. त्याचा देह व्हॉलंटिअरच्या गणवेशात ठेवला होता. ग्लासनेव्हिनच्या स्मशानात गणवेशातल्या तुकडीने बंदुकांची सलामी दिली. गणवेशातल्याच कॉलिन्सने पुढे येऊन दोन वाक्यं बोलली: आत्ता ऐकलात तो बंदुकांचा आवाज, मेलेल्या फेनियनच्या (सशस्त्र क्रांतिकारकाच्या) थडग्यावर एवढंच भाषण शोभतं. पोलीस बघत राहिले.

त्यानंतर १९१९ पासून लढाईची तऱ्हाच बदलली. दलाला आता आयरिश रिपब्लिकन आर्मी म्हणू लागले आणि हॉब्सनचा गनिमी कावाच अखेर वापरात आला. अशा लढाईत गणवेश म्हणजे गळफास. दिवसा शेतात काम करणारा माणूस रात्री टोळीत असे. गणवेश फळीवर, गवताच्या गंजीत, चर्चच्या माळ्यावर गेले. बरेचसे तिथेच कसर लागून संपले.

कधीतरी मात्र कोट बाहेर निघे. २८ नोव्हेंबर १९२० ला कॉर्कमधल्या किलमायकलच्या वळणावर टोळीचा म्होरक्या टॉम बॅरी व्हॉलंटिअर अधिकाऱ्याचा कोट घालून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. समोरून ऑक्झिलिअरी पोलिसांच्या लॉऱ्या येत होत्या. ड्रायव्हरला हा आपलाच कुणी अधिकारी वाटावा आणि गाडी सावकाश व्हावी, असा हिशेब. ती सावकाश झाली. १७ पोलीस आणि टोळीतले तिघं मेले. हल्लेखोरांनी ब्रिटिश गणवेश घातले होते असं ब्रिटिशांनी जाहीर केलं, बॅरी अखेरपर्यंत सांगत राहिला की कोट आमचाच होता. दोन्ही गणवेशांची काट इतकी सारखी होती (प्रश्न ७) की संध्याकाळच्या अंधुक उजेडात लॉरीच्या काचेतून कुणाला फरक कळला असता असं मला वाटत नाही.

१४. मॅकस्विनीला गणवेशात पुरलं हे खरं का? आणि यतीन दासांशी त्याचा काय संबंध?

खरं आहे. टेरेन्स मॅकस्विनी कॉर्कचा महापौर आणि तिथल्या ब्रिगेडचा अधिकारीही. ऑगस्ट १९२० मध्ये त्याला पकडलं, लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ठेवलं. उपोषणाच्या ७४ व्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, तो गेला. सदर्कच्या कॅथीड्रलमध्ये हजारो लंडनकर त्याच्या दर्शनाला आले. शवपेटीत तो व्हॉलंटिअरच्या गणवेशात होता. जिवंतपणी जो घातला तर अटक होत होती, तो तिथे ब्रिटिश राजधानीत पोलिसांच्या डोळ्यांदेखत.

१३ सप्टेंबर १९२९ ला यतीन्द्रनाथ दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅकस्विनीच्या बहिणीने, मेरीने, कुटुंबाच्या वतीने तार पाठवली. आम्हाला दुःख आहे आणि अभिमानही, स्वातंत्र्य येईल, असा तिचा आशय. यतीन दासांबद्दल वाचलेल्या बऱ्याच मराठी वाचकांना ही तार माहीत असते, गणवेशाचं माहीत नसतं.

१५. या सगळ्याला आपल्या इकडचा काही धागा?

ओढूनताणून जोडायचा नाही असं ठरवलं तरी तीन सापडतात.

पहिला, तो तिरका पट्टा. सॅम ब्राउन हा ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेतला घोडदळाचा अधिकारी. १८५८ मध्ये पिलीभीतजवळच्या चकमकीत त्याचा डावा हात गेला. एका हाताने तलवार उपसायची तर म्यान धरणार कोण? म्हणून त्याने वजन खांद्यावर तोलणारा तिरका पट्टा बनवून घेतला. पुढे तो साऱ्या साम्राज्यातल्या अधिकाऱ्यांची खूण झाला. साम्राज्याविरुद्ध उठलेल्या आयरिश अधिकाऱ्यानेही तोच घातला, आणि आपल्याकडचा फौजदार परेडला आजही घालतो.

दुसरा तारखेचा. पिअर्स २९ एप्रिल १९१६ ला शरण आला. त्याच दिवशी मेसोपोटेमियात कुतला जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे हत्यार टाकलं. त्याची डिव्हिजन होती सहावी, पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुत सोडवायला धडपडणाऱ्या ब्रिटिश फौजेत एक अठरा वर्षांचा आयरिश तोफची होता, आणि डब्लिनच्या उठावाची बातमी त्याला तिथे कळली. हाच पुढचा टॉम बॅरी (प्रश्न १३).

तिसरा शब्दाचा. त्याच आठवड्यात बेळगावला लोकमान्यांची होमरूल लीग आकाराला आली. 'होमरूल' हा शब्द आयर्लंडचा, आणि तिकडे त्याची सद्दी त्याच आठवड्यात संपत होती.

१६. मायकल कॉलिन्सचा संग्रहालयातला कोट हाच गणवेश का?

नाही, इथे बहुतेक जण चुकतात. ब्रिटिशांशी झालेल्या डिसेंबर १९२१ च्या करारानंतर नवं सरकारी सैन्य उभं राहिलं. ३१ जानेवारी १९२२ ला त्याची पहिली तुकडी गडद हिरव्या नव्या गणवेशात डब्लिनमधून बेगर्स बुश बराक्सपर्यंत चालत गेली. २२ ऑगस्टला कॉर्कमधल्या बेल ना ब्ला इथे कॉलिन्स मारला गेला तेव्हा तो या सैन्याचा सरसेनापती होता, आणि संग्रहालयात आहे तो त्या दिवशीचा ग्रेटकोट. मारणारे, म्हणजे तो करार न मानणारे, हेही जुने व्हॉलंटिअरच. म्हणजे १९१६ चा गणवेश ज्यांनी एकत्र घातला होता त्यांच्यातलंच हे युद्ध.

१७. एका आयरिश सहकाऱ्याकडे पणजोबांचा कोट आहे. खरा की नंतरचा, कसं ओळखायचं?

१९६६ च्या पन्नाशीला आणि २०१६ च्या शताब्दीला मिरवणुकांसाठी, नाटक-सिनेमांसाठी भरपूर नकला शिवल्या गेल्या. त्यांतल्या काही आता पोटमाळ्यावर राहून 'जुन्या' झाल्यात.

आधी शिवण बघा. नायलॉनचा दोरा, आतून चिकटवलेलं अस्तर, धुण्याच्या सूचनेची चिठ्ठी दिसली तर प्रश्न मिटला. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली आधुनिक दोरा चमकतो. पण सावध: जुना कोट कुणी हल्लीच्या साबण पावडरीत धुतला असेल तर तोही चमकेल. उलट बटणं खरी असली म्हणून कोट खरा ठरत नाही, बटणं काढून लावता येतात.

सगळ्यात भक्कम पुरावा कागदाचा. १९२४ पासून माजी सैनिकांना निवृत्तिवेतन मिळू लागलं. त्या अर्जांचे कागद डब्लिनच्या लष्करी अभिलेखागाराने टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर ठेवलेत. त्याशिवाय १९४७ ते १९५७ मध्ये नोंदवलेल्या १,७७३ साक्षी आहेत, त्याही मोफत वाचता येतात. पणजोबांचं नाव आणि तुकडी तिथे सापडली आणि कोटाचं माप त्यांच्या फोटोशी जुळलं, तर बरंच काम झालं. न सापडल्यास ते नव्हतेच असं समजू नका. बऱ्याच जणांनी अर्जच केला नाही, काहींनी मुद्दाम.

१८. असा कोट घरी ठेवायचा कसा?

पैठणी जशी ठेवाल तसाच, थोडा अधिक जपून. धुवायचा नाही, ड्रायक्लीनही नाही: रक्त, माती, बंदुकीच्या दारूचा धूर हेच त्याचं मोल. हँगरला टांगू नका, खांद्याची शिवण सुटते. आम्लरहित कागद घड्यांत घालून सपाट पेटीत ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. संग्रहालयं जुन्या कापडावर ५० लक्सच्या वर उजेड पडू देत नाहीत, म्हणून तिथे अंधार वाटतो. काच पुसा म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगणारे आपले एक काका मला आठवतात.

१९. संग्रहालयात जायचं तर?

ट्रामच्या लाल मार्गावर 'म्युझिअम' याच नावाचा थांबा आहे, उतरलं की समोर दगडी बराक्स. प्रवेश मोफत. रविवारी आणि सोमवारी दुपारनंतर उघडतं, तेव्हा वेळ आधी बघून घ्या. दुसऱ्या दिवशी किल्मेनहॅम तुरुंग बघा. त्याचं तिकीट मात्र आधीच काढावं लागतं, दारात उभं राहून मिळत नाही, आणि पाहुण्यांना घेऊन तिथून परत फिरायची पाळी माझ्यावर दोनदा आलीय.